माळढोकाच्या माळावर जाताना



शनिवार-रविवारची सुट्टी आली की हैदराबाद शहरातील अनेक कुटुंबे मोटारीने बाहेर पडतात. कोणी अनंतगिरीच्या टेकड्यांकडे जातात, कोणी संगारेड्डीजवळील मांजरा नदीच्या जलाशयावर पाणपक्षी पाहावयास जातात. ज्यांना पक्षिनिरीक्षणाची विशेष आवड असते, ते आणखी दूरचा पल्ला गाठतात. अशा हौशी प्रवाशांचे दोन रस्ते ठरलेले आहेत. एक रस्ता दक्षिणेस सुमारे दोनशे दहा किलोमीटरवरील कर्नूल शहराकडे व तेथून पुढे नंदिकोटकूरजवळच्या रोलपाडू अभयारण्याकडे जातो. दुसरा रस्ता पश्चिमेस झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असा सुमारे तीनशे किलोमीटर चालून सोलापुरास पोहोचतो, आणि सोलापूर-बार्शी मार्गावरील नान्नज हे गाव तेथून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. या दोन्ही रस्त्यांच्या शेवटी एकेकाळी एकच पक्षी प्रवाशांची वाट पाहत असे. तो म्हणजे माळढोक. अशा मोठ्या वन्य पक्ष्याची व सुट्टीवर निघालेल्या माणसाची गाठ पडते, तेव्हा पक्ष्यावर काय प्रसंग येतो, आणि त्या वेळी पाहुण्याने व गावकऱ्याने कसे वागावे, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे.

प्रथम पक्ष्याची ओळख. माळढोक हा जगातील उडणाऱ्या पक्ष्यांपैकी अत्यंत वजनदार पक्ष्यांत गणला जातो. त्याची उंची सुमारे एक मीटर असते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. मादी मात्र त्याच्या निम्म्याहूनही लहान असते. पाठ तपकिरी, मान पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा, असे त्याचे रूप आहे. त्याच्या पायास मागील बोट नसते. त्यामुळे त्याला झाडाची फांदी पकडून बसता येत नाही. त्याचे सारे आयुष्य उघड्या माळावर चालत जाते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतात सांडलेले धान्य हे त्याचे अन्न. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो व तो आवाज अर्धा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, गुजरातेत घोराड म्हणतात, तर तेलुगू भाषक त्याला बट्टमेक पिट्ट या नावाने ओळखतात. ज्या पक्ष्यास इतक्या भाषांत नावे आहेत, तो पूर्वी किती ठिकाणी परिचित असला पाहिजे, हे सांगावयास नको.

हैदराबाद आणि मराठवाडा यांचा संबंध श्रोत्यांना ठाऊकच आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत उमरगा, नळदुर्ग हा भाग हैदराबाद राज्यातच मोडत असे. ख्यातनाम पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये त्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि तिचा वृत्तांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज हैदराबादहून सोलापुरास येणारा प्रवासी तेलंगण, कर्नाटक व महाराष्ट्र अशी तीन राज्ये ओलांडतो. पक्ष्याला या सीमा माहीत नाहीत. गवत, ज्वारी-करडईची जिराईत शेती आणि दूरवर मोकळी नजर एवढे जेथे मिळेल, तेथे तो जात असे. म्हणूनच त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणा एका तालुक्याची किंवा एका राज्याची मानता येत नाही.

नान्नजचा इतिहास बोधप्रद आहे. सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुळकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास या माळावरील माळढोकांकडे सर्वांचे लक्ष वेधले. तो काळ महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचा होता. पुढे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली वन खात्याने येथील काही माळरान चराईस बंद करून गवत वाढविले. गवत वाढविण्याचा मूळ हेतू जमिनीची धूप थांबविणे व चारा मिळविणे हा होता. परंतु त्याच गवतात माळढोकाला निवारा मिळाला. १९७९ मध्ये शासनाने सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर केले. तिकडे कर्नूल जिल्ह्यात रोलपाडू येथील माळावर १९८० नंतरच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी माळढोकाचा अभ्यास केला व १९८८ मध्ये तेथे सुमारे सहा चौरस किलोमीटरचे छोटे अभयारण्य झाले. एक अभयारण्य अतिविशाल, दुसरे अगदी लहान. दोन्हींच्या वाट्याला आलेले यश मात्र टिकू शकले नाही.

देशभरातील आकडे याहून बोलके आहेत. १९६९ मध्ये भारतात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज करण्यात आला होता. २००८ च्या सुमारास ही संख्या तीनशेच्या घरात आली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने या पक्ष्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. २०१८ मध्ये देशात दीडशेच्या आसपास पक्षी उरले असल्याचा अंदाज होता आणि त्यांपैकी बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात होते. दख्खनच्या पठारावर आता तो अगदी बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. नान्नजला त्याचे दर्शन ही दुर्मीळ घटना झाली आहे. रोलपाडूला तर तो नियमितपणे दिसणेच थांबले आहे.

ही घट कशामुळे झाली? पहिले कारण शिकार. हा पक्षी मोठा, मांसल आणि उघड्यावर राहणारा. पायी चालणाऱ्या माणसाला तो दुरूनच ओळखून निघून जाई. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी सर्वत्र मिळू लागली, आणि जीपमधून पाठलाग करून त्याला मारणे सोपे झाले. दुसरे कारण त्याची मंद वीण. मादी बहुधा एका हंगामात एकच अंडे घालते, तेही जमिनीवर, उघड्यात. ते सुमारे चार आठवडे उबवावे लागते. एक अंडे गेले तर बहुधा त्या मादीचे ते वर्ष फुकट जाते. तिसरे कारण माळाचा ऱ्हास. माळ म्हणजे पडीक जमीन, असे समजून कोठे तो नांगरला गेला, कोठे त्यावर कारखाने आले, तर कोठे चांगल्या हेतूने झाडे लावण्यात आली. झाडे लावणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु ज्या पक्ष्याला चारी दिशा मोकळ्या दिसल्याशिवाय निर्धास्त वाटत नाही, त्याच्या माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणे होय. कालव्याचे पाणी आले की जिराईत पिकांची जागा बागायती पिके घेतात. रोलपाडूच्या परिसरात असा बदल घडून आला. चौथे कारण विजेच्या तारा. या पक्ष्याचे डोळे बाजूस असल्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते, आणि जड शरीरामुळे ऐन वेळी वळता येत नाही. उडताना तो तारांवर आदळतो. याच कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान व गुजरातमधील माळढोकाच्या क्षेत्रातील तारांसंबंधी आदेश दिले होते व मार्च २०२४ मध्ये त्यांत फेरबदल करून हा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला.

या चार कारणांच्या जोडीला अलीकडे पाचवे कारण आले आहे, आणि ते सुट्टीच्या पाहुण्याशी निगडित आहे. शहरातून आलेला माणूस पक्ष्याचा शत्रू नसतो. तो कौतुकाने येतो. माळावर दूर एखादी उंच आकृती हलताना दिसली की त्याला हर्ष होतो, आणि अधिक जवळून पाहावे, छायाचित्र घ्यावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. तो गाडी रस्त्यावरून खाली उतरवितो. पक्षी चालू लागतो; गाडी त्याच्या मागे जाते. पक्षी पावले जलद टाकतो, मग धावतो आणि शेवटी अवजड पंख पसरून उडतो. गाडीतील मंडळींना अपूर्व दृश्य पाहावयास मिळाले, असे वाटते. परंतु पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर काय घडले? ज्या गाडीतून पूर्वी बंदूक रोखली जात असे, तशाच गाडीने त्याचा पाठलाग केला. आज त्या गाडीत कॅमेरा आहे, हे पक्ष्याला समजण्याचा मार्ग नाही.

हा प्रसंग विणीच्या हंगामात घडला तर त्याचा परिणाम अधिक गंभीर होतो. दख्खनमध्ये माळढोकाची वीण मुख्यत्वे पावसाळ्यात होते, आणि माळ हिरवा झाल्यामुळे पाहुण्यांची गर्दीही त्याच दिवसांत वाढते. उबविणारी मादी उठून गेली की उघड्या अंड्यावर कावळ्याची, खोकडाची, घोरपडीची किंवा गावातील भटक्या कुत्र्यांची नजर पडते. घुमणारा नर वारंवार उठविला गेला तर तो ती जागा सोडतो. गाडीच्या चाकाखाली माळढोकाचे अंडे येण्याची शक्यता अल्प असली, तरी टिटवी, धाविक, चंडोल यांसारख्या जमिनीवर घरटे करणाऱ्या इतर पक्ष्यांची अंडी हमखास चिरडली जातात. पाहुणा निघून जातो; आपल्या हातून काय हानी झाली, हे त्याला कधी कळतही नाही.

या बाबतीत कायद्याची भूमिका काय आहे, हे सर्वांनी लक्षात घेण्यासारखे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत माळढोकाचा समावेश आहे. या अधिनियमातील शिकार या शब्दाची व्याख्या केवळ ठार मारण्यापुरती मर्यादित नाही. वन्य प्राण्याला पकडणे, सापळा लावणे, हाकणे, तसेच पक्ष्यांची अंडी फोडणे व अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे, या गोष्टीही शिकारीच्या व्याख्येत येतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत अशा अपराधास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि २०२२ च्या सुधारणेनंतर किमान दंड पंचवीस हजार रुपये झाला आहे. कौतुकाने पाठलाग करणाऱ्यासही ही व्याख्या ठाऊक असावी.

मग पाहुण्याने वागावे कसे? नियम थोडे व सोपे आहेत. मोठा पक्षी दिसताच गाडी जेथे असेल तेथेच, रस्त्यावर उभी करावी व यंत्र बंद करावे. खाली उतरू नये. थांबलेल्या गाडीची सवय पक्ष्याला होते. परंतु गाडीतून उतरलेल्या माणसाची भीती त्याला फार. दुर्बिणीतून पाहावे. पक्ष्याने चरणे थांबवून मान उंच केली की अंतर कमी पडले असे समजावे; तो चालत दूर जाऊ लागला की त्याने निरोप घेतला असे समजून गाडी मागे वळवावी. पक्ष्याला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत. घरट्याचे किंवा अंड्याचे छायाचित्र घेऊच नये. जेथे पक्षी दिसला ती नेमकी जागा भ्रमणध्वनीवरून दहा जणांस कळवू नये; कारण दुसऱ्या दिवशी तेथे दहा गाड्या उभ्या राहतात. कळवावयाचेच असेल तर वनरक्षकास किंवा वन परिक्षेत्र अधिकाऱ्यास कळवावे. हे सारे नियम केवळ माळढोकासाठी नाहीत. हैदराबादजवळील तलावांवरील चित्रबलाक, उजनी जलाशयावरील रोहित, शिवारातील मोर, कोणत्याही मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत ते सारखेच लागू आहेत.

पाहुण्याचे कर्तव्य सांगितल्यानंतर गावकऱ्यांची बाजूही निःसंकोचपणे मांडली पाहिजे. माळढोक कोणाच्या जमिनीवर राहतो? वन खात्याच्या कुरणात तो थोडा वेळ असतो. उरलेला वेळ तो शेतकऱ्याच्या शिवारात चरतो. १९७९ च्या घोषणेत गावे, शेते, रस्ते, एवढेच काय तर शहरी वस्तीसुद्धा अभयारण्याच्या हद्दीत आली. जमिनीचे व्यवहार, बांधकाम, उद्योग यांबाबत निर्बंध आले आणि ज्यांनी तोपर्यंत पक्ष्याला कधी त्रास दिला नव्हता, त्यांच्याही मनात त्याविषयी कटुता निर्माण झाली. ही तक्रार रास्त होती. शेवटी २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करैरा येथे १९८१ मध्ये असेच अभयारण्य झाले होते. तेथेही जमिनीवरील निर्बंधांमुळे गावकरी नाराज झाले, आणि काही वर्षांतच त्या माळावरून माळढोक नाहीसा झाला. नान्नज व रोलपाडू या दोन्ही ठिकाणी रक्षणामुळे काळवीट वाढले व त्यांनी पिकांचे नुकसान केले, हेही विसरून चालणार नाही. यावरून एकच निष्कर्ष निघतो. माणसाच्या शिवारात राहणारा पक्षी केवळ अधिसूचनेने वाचत नाही. त्या शिवाराच्या मालकाची संमती असावी लागते. आणि संमती हवी असेल तर तिचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून भागत नाही.

या दृष्टीने पर्यटकाची भेट उपयोगीही पडू शकते. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वन विभागाने गवताळ माळावरील सफारी सुरू केली असून गावातील तरुण तेथे वाटाडे म्हणून काम करतात. ठरलेले मार्ग, ठरलेल्या गाड्या, बरोबर गावचा माणूस, अशी व्यवस्था असली की पाहुण्याचा पाय घसरत नाही आणि माळ राखणाऱ्यांच्या हाती चार पैसे येतात. माळ हा नुसता पडीक तुकडा नसून उत्पन्न देणारी, राखण्याजोगी जमीन आहे, ही जाणीव त्यातून वाढीस लागते.

ग्रामपंचायतींना करता येण्याजोगी कामे आणखीही आहेत. गवताची कापणी वीण आटोपल्यानंतर करावी. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करावा. शिकारीच्या किंवा गाडीने पाठलागाच्या घटना दिसल्यास वन खात्यास तत्काळ कळवाव्यात. गाडीचा क्रमांक टिपून ठेवावा. वृक्षारोपणाची जागा ठरविताना गवताचा माळ वगळून ओढ्याकाठची, गावठाणातील, रस्त्याकडेची जमीन निवडावी. अधिकारीवर्गाने काळवीट व अन्य वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकहानीचा पंचनामा वेळेवर करून भरपाई विनाविलंब द्यावी. भरपाईस झालेला उशीर हा वन्य जीवांविषयीचा सद्भाव नाहीसा करण्याचा हमखास उपाय आहे. नव्या वीजवाहिन्या टाकताना माळाचा विचार आधी व्हावा आणि ज्या तारा आहेत त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावाव्यात.

शिक्षकांचे कार्य तर सर्वांत महत्त्वाचे. शाळेच्या सहलीत मुलांना देवळे व धरणे दाखविली जातात. त्यांच्या जोडीला एखादी सकाळ गावच्या माळावर घालवावी. कोणते गवत केव्हा फुलते, भोवत्या ससाणे कोणत्या महिन्यात येतात, पाखुर्ड्या पाण्यावर किती वाजता उतरतात, याची वही मुलांनी ठेवावी. गावातील वृद्धांना विचारून माळढोक शेवटी कधी व कोठे दिसला, त्याची माहिती लिहून काढावी. अशा वह्या पुढे अभ्यासकांनाही उपयोगी पडतील.

राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून भारतीय वन्यजीव संस्था व राज्याचे वन खाते यांनी माळढोकाच्या संवर्धन-प्रजननाचे काम चालविले आहे. माळावरील अंडी गोळा करून, पिले उबवून ती वाढविली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाद्वारे पहिले पिलू जन्मास आले. ही वार्ता आशादायक आहे. पिंजऱ्यात वाढलेले पक्षी एक ना एक दिवस मोकळे सोडावयाचे आहेत. त्या दिवशी त्यांना उतरण्यासाठी माळ शिल्लक असला पाहिजे, आणि त्या माळाच्या कडेला राहणारी व तेथे फिरावयास येणारी माणसे समंजस असली पाहिजेत. पिले प्रयोगशाळा देऊ शकेल. माळ आणि समंजसपणा या गोष्टी गावांनी व शहरांनीच द्यावयाच्या आहेत.

हैदराबादहून, सोलापुराहून किंवा पुण्याहून निघालेल्या पाहुण्याला आज माळढोक दिसण्याचा संभव थोडा आहे. तथापि तो दिसला, तर पक्ष्याला न उठविता परत येणे, हेच त्या भेटीचे यश मानावे. न दिसल्यास माळ पाहावा, चंडोलाचे गाणे ऐकावे, गुराख्याशी चार शब्द बोलावेत आणि गाडी रस्त्यावरूनच माघारी न्यावी. जे गवत आज न तुडविता राहील, तेच उद्या त्या पक्ष्याच्या कामी येणार आहे.